नंबर आणि सील



जानेवारी महिन्यात जासई गावात बोलायला उभं राहिलं की आधी नमस्कार करायचा तो १९८४च्या १६ आणि १७ जानेवारीला जमिनीच्या लढ्यातल्या गोळीबारात गेलेल्या पाच शेतकऱ्यांना. दि. बा. पाटलांच्या या जन्मगावी त्या लढ्याचा इतिहास सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. तो ज्यांनी अंगावर घेतला ती माणसं इथे पहिल्या रांगेत बसली आहेत. त्या लढ्यातून, जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मला त्यातली एक दुसरीच गोष्ट आज उसनी घ्यायची आहे. सरकारने कागद पुढे केला आणि त्यावर एक आकडा लिहिलेला असला, तर तो आकडा कोणी काढला, कसा काढला, कशावरून काढला, हे विचारायची सवय या पट्ट्याला लागली. मोठी सवय आहे ती. आज मी बोलणार आहे तेही एका आकड्याबद्दलच.

आयोजकांनी विषय सुचवला तो असा : आयपी अ‍ॅड्रेस उघडा पडला तर काय धोका असतो, आणि इंटरनेटवर सुरक्षित कसं राहायचं? विषय तरुण मुलांकडून आला असं मला सांगण्यात आलं. स्वाभाविक आहे. मोबाईलवर काहीतरी बघत असताना मधेच लाल अक्षरांत जाहिरात येते, की सावधान, तुमचा आयपी अ‍ॅड्रेस सगळ्या जगाला दिसतो आहे! गेम खेळताना हरलेला मुलगा धमकी देतो, की तुझा आयपी काढलाय, आता बघ. आणि पोरगं रात्रभर झोपत नाही.

मग हा आयपी अ‍ॅड्रेस दिसतो का? दिसतो. त्याने घाबरायचं का? याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून तर हे व्याख्यान. पण माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. नंबर लपवण्याची जी भीती आपल्याला विकली जाते ती बरीचशी फुकाची आहे. खऱ्या भीती दोन आहेत आणि त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी बंदराशी, ट्रेलरशी, नाहीतर कंटेनर यार्डाशी जोडलेलं असेल. तेव्हा तुम्हाला समजावणं सोपं आहे. कंटेनरच्या पाठीवर काय लिहिलेलं असतं? चार अक्षरं आणि सात आकडे. मोठ्या ठळक रंगात, रस्त्यावरच्या कोणालाही वाचता येईल असं. तो नंबर कोणी कापडाने झाकून ठेवतो का? झाकला तर तो डबा गेटमधून आतच यायचा नाही. नंबर दिसायलाच हवा, त्याशिवाय माल पोहोचणार कसा? मग आतला माल कशावर सुरक्षित असतो? दारावरच्या सीलवर. आणि दुसरी गोष्ट. आज त्या डब्यात तांदूळ आहे, पुढच्या महिन्यात त्याच नंबरात टायर असतील. नुसत्या नंबरावरून कोणी म्हणालं, की यात तुझा माल होता, तर तुम्ही काय विचाराल? कोणत्या तारखेला? कोणत्या खेपेला?

एवढ्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या तरी माझं काम झालं. सील नीट आहे का, आणि तारीख कोणती. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

तर आयपी अ‍ॅड्रेस हा इंटरनेटवरच्या यंत्राचा नंबर म्हणजे शून्य ते २५५ मधले चार आकडे, मधे टिंब. ही पद्धत १९८१ साली ठरली. तिच्यात जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी नंबर बसतात. तेव्हा जगाची लोकसंख्याच साडेचारशे कोटींच्या आसपास होती, आणि प्रत्येक माणसाच्या खिशात एकेक संगणक फिरेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. नंबर संपत आले. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला लागला. मग काय केलं? वाटून घेतले. तुमच्या घरातले चार मोबाईल आणि टीव्ही बाहेरच्या जगाला एकाच नंबराने दिसतात. मोबाईल कंपन्या तर त्यापुढे गेल्या. तिथे एका नंबरामागे एकाच वेळी शेकडो ग्राहक असू शकतात. आता आयपीची सहावी आवृत्ती आली आहे, तिच्यात नंबर अफाट आहेत आणि ती वापरण्यात भारत जगात बराच पुढे आहे. तरी जुने नंबर अजून चालूच आहेत. आणि घरच्या जोडणीला मिळालेला नंबरही बहुधा कायमचा नसतो. राउटर बंद करून चालू केला की अनेकदा दुसराच मिळतो.

हा नंबर कोणाला दिसतो? तुम्ही जी जी साइट उघडता तिला दिसतो. त्यावरून तिला काय कळतं? तुमची कंपनी कोणती, आणि गाव साधारण कोणतं. तेही धड नाही. उरणमध्ये बसलेला माणूस मुंबईत दिसतो, कधी पुण्यातही दिसतो. तुमचं घर, तुमचं नाव, तुमचा आधार क्रमांक त्या नंबरात नसतो. तो नंबर अमुक क्षणी कोणाकडे होता, हे फक्त तुमच्या कंपनीच्या नोंदीत असतं आणि ती नोंद कायद्याने मागणाऱ्या यंत्रणेलाच मिळते. गेममध्ये हरलेल्या मुलाला नाही.

तो मुलगा फार तर एक करू शकतो. तुमच्या नंबरावर निरर्थक माहितीचा लोंढा सोडून तुमचं नेट थोडा वेळ बंद पाडू शकतो. त्रास आहे, पण राउटर बंद-चालू केल्यावर बहुधा सुटणारा. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमध्येही काही वेळा दोन फोन थेट एकमेकांशी जोडले जातात आणि समोरच्याला तुमचा नंबर कळू शकतो. ते नको असेल तर २०२३ पासून सेटिंगमध्ये, प्रायव्हसीच्या आत, प्रगत पर्यायांमध्ये कॉलमधला आयपी झाकायची सोय दिलेली आहे. अनोळखी माणसांशी कॉल करावे लागणाऱ्यांनी, विशेषतः मुलींनी, ती चालू करावी. आवाज किंचित खराब होईल.

आणि व्हीपीएन? हा प्रश्न मागच्या रांगेतून येणारच होता. व्हीपीएन म्हणजे तुमचा नंबर झाकून दुसऱ्या कोणाचा तरी नंबर पुढे करणं. बाहेरच्या फुकट वाय-फायवर, किंवा कंपनीचं काम घरून करताना, त्याचा उपयोग आहे. पण होतं काय? जो विश्वास तुम्ही टेलिफोन कंपनीवर टाकत होता, तो आता व्हीपीएनवाल्यावर टाकता. तो फुकट देत असेल तर त्याचा खर्च कोण भागवतं, हे विचारा. आणि त्यामुळे आपण अदृश्य झालो, असा कोणाचा समज असेल तर तो सोडा. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढला, की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायची. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच हलवले. तो आदेश योग्य की अयोग्य यावर भांडता येईल, मलाही भांडायचं आहे, पण आज नको. आजचा मुद्दा एवढाच, की नंबरावर कापड टाकून दाराचं सील लागत नाही.

तर सीलकडे येऊ.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला हजारो दारं, म्हणजे पोर्ट, असतात, मोजायची तर पासष्ट हजारांहून जास्त. बहुतेक बंद असतात, असायला हवीत. एखादं उघडं राहिलं तर कोणाला कळणार? या विचारानेच घात होतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रोग्राम तयार केला. एकच संगणक, चांगली वेगवान जोडणी, आणि जुन्या पद्धतीचे सगळे नंबर, म्हणजे अख्ख्या जगाचं इंटरनेट, एकेक दार ठोठावून ४५ मिनिटांत बघून झालं. पाऊण तासात! आणि २००९ पासून शोडान नावाची एक शोधयंत्रणा आहे. तिच्यात साइट सापडत नाहीत, यंत्रं सापडतात. कॅमेरे, राउटर, कारखान्यातली नियंत्रणं, कुठलं दार उघडं आहे त्यासकट.

मला कोण कशाला शोधेल, मी साधा माणूस, असं आपण म्हणतो. बरोबर आहे, तुम्हाला कोणीच शोधत नाही. शोधलं जातं ते उघडं दार. त्यामागे साधा माणूस आहे की बँक आहे, हे नंतर बघितलं जातं.

अशी पुष्कळ उघडी दारं कुठे आहेत? आपण चोरांना बघायला लावलेल्या कॅमेऱ्यांत. गंमत वाटते, पण रडायची गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं सीसीटीव्हीचं चित्रण बाहेर आलं. तपासणीसाठी आलेल्या बायकांचं. ते यूट्यूब आणि टेलिग्रामवरून विकण्यात येत होतं. गुजरात पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगली जिल्ह्यांतले तरुण होते. आपल्या मातीतले. आणि आत शिरायला त्यांना काय मोठी विद्या लागली? तपासात पुढे आलं ते हे, की कॅमेऱ्यांचे पासवर्ड कोणालाही सुचतील असे होते, अ‍ॅडमिन आणि पुढे एक-दोन-तीन अशा धर्तीचे. ज्या बाईने डॉक्टरवर विश्वास ठेवला तिने कुठला पासवर्ड बदलायचा होता? तिची काय चूक? दवाखान्याचा कॅमेरा, दवाखान्याचं दार, आणि अब्रू तिची. इथे बसलेल्या डॉक्टरांना, शाळाचालकांना, लॉजवाल्यांना आणि ब्युटी पार्लर चालवणाऱ्या ताईंना मी हात जोडून सांगतो, की जिथे माणूस कपडे बदलतो किंवा तपासून घेतो तिथे कॅमेरा लावूच नका. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी नका लावू.

कॅमेरा बसवणारा मुलगा येतो, दोन तासांत काम करतो, जाताना म्हणतो, काका, आता घरबसल्या मोबाईलवर बघा. काका खूश. तो मुलगा जो पासवर्ड टाकून गेला तोच त्याने शेजारच्या वीस घरांत टाकलेला असतो. तो पासवर्ड बदलायचा असतो हे काकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

कारखान्यातून आलेल्या पासवर्डांची किंमत जगाला २०१६ मध्ये कळली. मिराई नावाचा एक प्रोग्राम पसरला. त्याच्याजवळ होतं काय? साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची एक यादी. बस. ती यादी घेऊन तो जगभरचे कॅमेरे आणि राउटर ठोठावत सुटला, आणि लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांच्या फौजेने डाइन नावाच्या एका कंपनीवर लोंढा सोडला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पडल्या. मिराई तयार करणारे विशीच्या आसपासचे तीन तरुण निघाले, आणि मूळ भांडण होतं माइनक्राफ्ट या गेमच्या धंद्यातलं. म्हणजे तुमच्या ओटीवरचा कॅमेरा, तुम्हाला पत्ता नसताना, कोणाच्या तरी भांडणात दगड मारत असतो. तुमचं काहीच चोरीला जात नाही. फक्त तुमच्या नंबरावरून गुन्हा घडतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बंदराची गोष्ट. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. २७ जून २०१७. जेएनपीटी बंदरातल्या जीटीआय टर्मिनलचं कामकाज एकाएकी थांबलं. संगणक बंद. कुठला डबा कुठे ठेवलाय, कुठल्या जहाजावर जायचाय, काही दिसेना. हाताने कागदावर काम सुरू करावं लागलं, आणि ट्रेलरच्या रांगा लागल्या. टर्मिनल चालवणारा समूह मर्स्कचा, आणि मर्स्कवर त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला होता. जगभरात त्यांची १७ टर्मिनल अडली. पुढच्या जानेवारीत मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलं, की दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरचं. आणि वाचवलं कोणी? घानातल्या एका कार्यालयाच्या सर्व्हरने. तिथे नेमकी त्या वेळी वीज गेलेली होती, म्हणून तेवढी एक प्रत शाबूत राहिली. लोडशेडिंगला दुवा देण्याचा हा एकच प्रसंग माझ्या माहितीत आहे. (हशा)

पण हा हल्ला मर्स्कमध्ये कुठून शिरला? कोणी त्यांचा आयपी शोधून दार तोडलं का? नाही. युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्याचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्या रीतसर अपडेटमधून तो आत आला. सही-शिक्क्यासह, सीलबंद. आत आल्यावर मात्र तो या संगणकावरून त्या संगणकावर धावला तो एका जुन्या फटीतून, आणि चोरलेल्या पासवर्डांवर. ती फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा दुसरा हल्ला त्याच फटीतून, इंटरनेटवर उघडी दारं शोधत शोधत, दीडशे देशांत फिरून आला होता. म्हणजे मार्चमध्ये औषध आलं, मेमध्ये साथ आली, आणि जूनच्या अखेरीस जगभरातल्या कितीतरी संगणकांत अजून फट तशीच. ही गोष्ट मी कोणाला हिणवायला सांगत नाही. मोबाईलवर अपडेट घ्या अशी सूचना आली की नंतर, नंतर म्हणत आपण सगळेच बोट फिरवतो. आपण त्यांच्यापेक्षा वेगळे नाही, फक्त आपल्या नुकसानीची बातमी होत नाही.

मघाशी दोन खऱ्या भीती म्हणालो. एक झाली, उघडं दार. दुसरीवर मला जास्त वेळ घालवायचा आहे, कारण तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. ती म्हणजे नंबर म्हणजेच माणूस, असं धरून चालणं.

२६ जुलै २००८. अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता, जबाबदारी घेणारा. तपास यंत्रणांनी ईमेलचा आयपी काढला. तो कुठे निघाला? नवी मुंबईत, सानपाड्यात. एका इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या जोडणीवर. दहशतवादविरोधी पथक त्याच्या दारात. चौकशा, संगणक ताब्यात, देशभर टीव्हीवर चर्चा. आणि झालं होतं काय? त्याच्या घरच्या वाय-फायला धड कुलूप नव्हतं. कोणीतरी जवळपास बसून त्याच्या जोडणीवरून ईमेल पाठवला आणि निघून गेला. कटाशी त्या माणसाचा संबंध आढळला नाही. त्याच टोळीचा पुढचा ईमेल ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून गेला, आणि दिल्लीच्या स्फोटांच्या दिवशी, १३ सप्टेंबरला, चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. तीन ठिकाणं, तिन्ही आपल्या याच टापूतली, तिन्ही नंबर खरे, आणि तिन्ही नंबरांचे धनी निर्दोष. त्यानंतर मुंबई पोलिसांना उघडी वाय-फाय शोधत गल्लोगल्ली फिरायची मोहीम हाती घ्यावी लागली.

आता सांगा, तुमच्या चाळीत, तुमच्या इमारतीत वाय-फायचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? भाडेकरू, त्याचे मित्र, क्लासला येणारी मुलं. आपल्याकडे नाही म्हणायचा संकोच फार. पाहुणा पाणी मागण्याआधी पासवर्ड मागतो. त्याने काय केलं हे पुढे विचारायला आलेल्याला सांगणार कोण? नंबर तर तुमचा.

सानपाड्याच्या फ्लॅटमधून निदान ईमेल खरोखर गेला होता. दुसऱ्या प्रकरणात तेही नाही. २००७ सालची गोष्ट. ऑर्कुट नावाच्या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला गेला. लोक संतापले, संतापणारच. पुणे पोलिसांनी आयपी मिळवला, एका मोठ्या दूरसंचार कंपनीला विचारलं, की हा नंबर कोणाचा? कंपनीने नाव दिलं. ऑगस्टच्या अखेरीस पोलीस बेंगळुरूला गेले आणि एका तरुण संगणक अभियंत्याला घरातून उचललं. तो सांगत राहिला, मी हे केलेलं नाही. कोण ऐकतो? कागदावर नंबर आहे, नंबरापुढे नाव आहे. त्याला येरवड्याच्या तुरुंगात टाकलं. ५० दिवस! आणि शेवटी काय निष्पन्न झालं? कंपनीने दिलेला ग्राहकच चुकीचा. तो नंबर त्या वेळी त्याच्याकडे नव्हताच.

कशी होते अशी चूक? कंटेनर आठवा. नंबर तोच, खेप वेगळी. आज दुपारी जो आयपी माझ्याकडे आहे, तो रात्री भलत्याच माणसाकडे असतो. तेव्हा प्रश्न पडतो वेळेचा. आणि वेळ कुठली? परदेशातल्या सर्व्हरवरची नोंद बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. तिथले संध्याकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड, तारीखसुद्धा बदललेली. आठ सकाळचे की रात्रीचे, एवढं लिहायचं राहिलं तरी बारा तासांचा फरक, माणूस दुसरा. आणि मोबाईल कंपन्यांच्या वाटून दिलेल्या नंबरांत तर वेळ सेकंदापर्यंत बरोबर असूनही भागत नाही. त्या क्षणी त्या नंबरामागे शेकडो ग्राहक असतात, त्यांतला कोणता, हे ठरवायला दाराचा क्रमांकही लागतो, आणि तो पुष्कळदा नोंदलेलाच नसतो.

मी पोलिसांच्या विरुद्ध बोलतोय असं समजू नका. आयपीवरून असंख्य खरे गुन्हेगार सापडले आहेत, आणि सापडावेत. माझं म्हणणं असं, की तो नंबर तपासाची सुरुवात आहे. तो हातात आला म्हणून तपास संपला असं मानलं, तर येरवड्याला निरपराध माणूस जातो. ज्या पट्ट्याने जमिनीच्या कागदावरचा आकडा कोणी काढला हे विचारलं, त्यानेच हेही विचारलं पाहिजे. कोणती तारीख, कोणती वेळ, कोणत्या देशाच्या घड्याळाची? इथे वकिली करणारी मुलं असतील. त्यांनी हे तीन प्रश्न वहीत लिहून घ्यावेत.

आणि ठगांनी या भीतीचा धंदा कसा केला तेही बघा. फोन येतो, व्हिडिओवर खाकी वर्दीतला माणूस दिसतो, म्हणतो, तुमच्या आयपी अ‍ॅड्रेसवरून अश्लील साहित्य पाहिलं गेलंय, तुमच्यावर वॉरंट आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. यालाच डिजिटल अरेस्ट म्हणतात. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये स्पष्ट सांगितलं, की कायद्यात असली कोणतीही अटक नाही. तरी शिकलेली, निवृत्त, शहाणी माणसं आयुष्याची पुंजी पाठवून मोकळी होतात. का? कारण आयपी म्हणजे काय हे त्यांना माहीत नसतं, आणि काहीतरी गंभीर असावं असं वाटतं. इथे ज्यांच्या खात्यात जमिनीचे पैसे पडून आहेत, त्या आजी-आजोबांना घरातल्या नातवंडांनी हे आज रात्रीच समजावून सांगावं. फोन ठेवायचा आणि १९३० ला लावायचा. पैसे गेलेच असतील तर पहिल्या तासाभरात लावायचा, कारण ते पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

तर करायचं काय? मोठी विद्या लागत नाही. राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर जो पासवर्ड छापलेला असतो तो बदला. वाय-फायचा वेगळा, आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा. दोन असतात हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि दुसरा तसाच राहतो. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळी जोडणी काढता येते. कॅमेरे आणि टीव्ही त्या वेगळ्या जोडणीवर टाकले तर आणखी बरं. यंत्रं आपणहून बाहेरची दारं उघडून घेतात अशी एक सोय राउटरमध्ये असते, तिचं नाव यूपीएनपी. ती बंद करा. कॅमेरा बसवणाऱ्याने दार उघडून ठेवलं असेल, ज्याला ते पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, तर ते त्याच्याकडूनच बंद करून घ्या. अपडेट आला की घ्या. राउटर सात-आठ वर्षं जुना असेल आणि कंपनीने त्याचे अपडेट थांबवले असतील, तर तो बदला. बाकी कशावर नाही तरी यावर पैसे खर्च करा. दुकान किंवा यार्डाचं कार्यालय चालवणाऱ्यांनी रोजच्या हिशेबाची एक प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवावी. घानातली वीज दर वेळी जाईलच असं नाही.

सरकारनेही उशिरा का होईना थोडं केलं आहे. एप्रिल २०२५ पासून नव्याने विकायच्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली. पण भिंतीवर आधीच बसलेल्या कॅमेऱ्यांना तो नियम कसा पोहोचणार? ते आपलं काम. गावागावांत चौकात, शाळेत, मंदिरात, स्मशानाच्या वाटेवरही आता कॅमेरे आहेत. ते बसवताना नारळ फुटला, फोटो निघाला. त्यांचा पासवर्ड त्यानंतर कोणाकडे आहे? ठेकेदाराकडे? माजी सदस्याच्या मोबाईलवर अजून चित्र दिसतं का? चित्रण किती दिवस ठेवलं जातं, आणि ते बघायची परवानगी कोण देतं?

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा भरेल. तिथे रस्ता, पाणी, गटारं यांच्याबरोबर हेही प्रश्न विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.